घरचे नियम आणि आपले पात्र: मोकळीक किती द्यावी, किंमत कशी ठरवावी

लहानपणी अंगणात खेळताना एखाद्या धाकट्या भावंडाला 'कच्चा लिंबू' म्हणून खेळात घेतले जाई. त्याने सगळ्यांबरोबर पळायचे, लपायचे, ओरडायचे. पण तो पकडला गेला तरी त्याच्यावर राज्य येत नसे. हा नियम कोणत्याही पुस्तकात नव्हता. तो त्या अंगणाचा होता आणि एका विशिष्ट खेळाडूला खेळात सामावून घेण्यासाठी केलेला होता. घरी पाहुणे आले आणि मेंढीकोटाचा डाव मांडला की 'आमच्याकडे असे खेळतात' हे पहिले पान पडण्याआधीच बोलून घ्यावे लागते, तेही याच कारणाने. टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य रोल-प्लेइंग गेममध्ये अशा नियमांना 'हाऊस रूल' म्हणतात, आणि त्यांतले सर्वांत नाजूक नियम म्हणजे आपले पात्र आपल्या मनासारखे घडवता यावे यासाठी केलेले नियम. सांगलीत विश्रामबागेतल्या एका घराच्या माडीवर आम्ही सात जण गेली काही वर्षे रविवारी दुपारी हा खेळ खेळतो आणि त्यात गेम मास्टरचे काम माझ्याकडे आहे. या काळात आम्ही केलेल्या, मोडलेल्या आणि टिकवलेल्या नियमांतून मला जे उमगले, ते या खेळाशी अजिबात परिचय नसलेल्या वाचकालाही समजेल अशा रीतीने येथे मांडते.

या प्रकारचा पहिला प्रकाशित खेळ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकी खेळरचनाकारांनी तो १९७४ साली आणला. एक जण गेम मास्टर होतो. तो जग उभे करतो, प्रसंग सांगतो आणि वाटेत भेटणाऱ्या सगळ्यांची भूमिका करतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि त्या प्रसंगात आपले पात्र काय करील ते बोलून सांगतात. सांगलीकराला ही मांडणी परकी वाटू नये. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच गावात नाटक उभे केले, तेव्हा सूत्रधार पदे म्हणून कथा पुढे नेई आणि पात्रे आपली भाषणे बरीचशी आयत्या वेळी रचून बोलत. आमच्या टेबलावरही तसेच चालते. फरक एवढाच की पात्राने योजलेले काम साधले की फसले हे फासा ठरवतो.

पात्राची माहिती एका कागदावर असते, त्याला कॅरेक्टर शीट म्हणतात. त्यावर सहा गुण असतात, ज्यांना आम्ही बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप असे म्हणतो. गुणाचा आकडा १० असेल तर फाशावर काही मिळत नाही. त्याच्या वरच्या प्रत्येक दोन आकड्यांमागे एक मिळतो. म्हणजे १८ असेल तर अधिक ४, १३ असेल तर अधिक १ आणि ८ असेल तर उणे १. फासा वीस बाजूंचा असतो, त्यामुळे त्याची प्रत्येक बाजू पडण्याची शक्यता ५ टक्के असते आणि शीटवरचा प्रत्येक 'अधिक १' हा यशाच्या शक्यतेत साधारण ५ टक्क्यांची भर घालतो. हा एवढा हिशेब पक्का ध्यानात ठेवला तर पुढचे सगळे सोपे आहे. आम्ही २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीवर खेळतो, म्हणून खालची उदाहरणे तिच्यातली आहेत. या नियमांचा गाभा जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतो. महागडी पुस्तके घेतल्याशिवाय सुरुवात करता येत नाही असे समजून कोणी मागे राहू नये.

माझ्या हातून झालेली पहिली चूक अगदी पहिल्या पायरीवरची होती. हे सहा आकडे ठरवायचे कसे? मूळ खेळात सहा बाजूंचे तीन फासे टाकून बेरीज घेत, तिची सरासरी १०.५ येते. पुढे चार फासे टाकून सर्वांत लहान फासा सोडून देण्याची रीत रूढ झाली, तिची सरासरी १२.२४ आहे. तीन फाशांवर १८ पडण्याची शक्यता २१६ मध्ये एकदा असते, तर चारांतून तीन घेताना ती १२९६ मध्ये २१ वेळा, म्हणजे सुमारे ६२ मध्ये एकदा इतकी वाढते. मला ही रीत उदार वाटली आणि मी ती स्वीकारली. आमच्यातल्या एका मैत्रिणीला १८, १६, १५, १४, १२, ११ असे आकडे पडले. तिच्या शेजारच्या मित्राला पडले १३, १२, ११, १०, ९, ७. दोघांनाही योद्धाच करायचा होता. फासा पडला तो पडला, असे म्हणून मी दोन्ही शीट मान्य केल्या.

याचा परिणाम किती झाला हे आकड्यांतच पाहू. पहिल्या लेव्हलला, म्हणजे पात्राच्या अनुभवाच्या पहिल्या पायरीवर, दोघांनाही शस्त्रशिक्षणाचे अधिक २ मिळतात. समोरच्या शत्रूच्या बचावाचा आकडा, म्हणजे वार लागण्यासाठी फासा आणि 'अधिक' मिळून गाठायचा आकडा, १५ धरला, तर तिला एकूण अधिक ६ असल्यामुळे फाशावर ९ किंवा जास्त पडले की वार लागतो, म्हणजे ६० टक्के वेळा. त्याला एकूण अधिक ३, म्हणून १२ किंवा जास्त हवे, म्हणजे ४५ टक्के. इथवर फरक पंधरा टक्क्यांचा आहे आणि तो सोसण्यासारखा वाटतो. पण बळाचा तोच आकडा घावाच्या जोरातही मिळवला जातो. तलवारीच्या आठ बाजूंच्या फाशाची सरासरी ४.५, तिचा घाव सरासरी ८.५ चा, त्याचा ५.५ चा. लागण्याच्या शक्यतेने गुणले की तिचा प्रत्येक वार ५.१ चा पडतो आणि त्याचा जेमतेम २.५ चा. म्हणजे एकाच वर्गाच्या, एकाच लेव्हलच्या दोन योद्ध्यांपैकी एकाच्या हातात दुसऱ्याच्या निम्मेच बळ होते, आणि ते त्याने निवडलेले नव्हते. चौथ्या रविवारी त्याची पाळी आली तेव्हा त्याने फासा उचललाच नाही. तो तिच्याकडे सरकवून तो म्हणाला, "तूच मार की गं, माझा काय नेम लागत नाही." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते मला अधिक लागले.

त्यानंतर आम्ही जो नियम केला तो अनेक ठिकाणी वापरला जातो. सगळे जण फासे टाकतात, आलेले सगळे संच एका कागदावर लिहितात आणि कोणीही त्यांतला कोणताही संच घेऊ शकतो. एकच संच सगळ्यांनी घेतला तरी हरकत नसते. फासे टाकण्याची उत्कंठा त्यात टिकते आणि एकाचे नशीब सगळ्यांचे होते. मात्र सहा संचांतला उत्तम संच निवडला जात असल्यामुळे सगळीच पात्रे दणकट होतात, त्यामुळे शत्रूही तितकेच दणकट ठेवावे लागतात. म्हणून छोट्या, एका बैठकीत संपणाऱ्या गोष्टींसाठी आम्ही ही रीत ठेवली आहे आणि लांबलचक कॅम्पेनसाठी, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या गोष्टीसाठी, पॉइंट बाय वापरतो. त्यात प्रत्येकाला २७ गुण खर्चायला मिळतात. ८ फुकट, १३ पर्यंतची प्रत्येक पायरी एका गुणाची आणि १४ व १५ या पायऱ्या दोन-दोन गुणांच्या. पुस्तकातला १५, १४, १३, १२, १०, ८ हा तयार संचही बरोबर २७ गुणांचाच भरतो.

या चुकीतून मला जे सूत्र मिळाले त्यावर माझे बाकीचे सगळे निर्णय उभे आहेत. पात्राला दिलेली मोकळीक दोन प्रकारची असते. एक त्याची उंची वाढवते: वार अधिक लागतो, घाव अधिक खोल जातो, जीव अधिक टिकतो. दुसरी त्याची रुंदी वाढवते: जे दुसऱ्या कोणाला येत नाही, कळत नाही किंवा दिसत नाही, ते त्याला येते. खेळाडू जेव्हा 'माझे पात्र वेगळे हवे' असे म्हणतो, तेव्हा त्याला बहुतेक वेळा रुंदी हवी असते. परंतु शीटवर आकडेच आकडे असल्यामुळे तो उंची मागतो. गेम मास्टरने त्या मागणीमागची इच्छा ओळखावी आणि रुंदी मोकळ्या हाताने द्यावी. उंची द्यायचीच झाली तर ती टेबलावरच्या सगळ्यांना सारखी द्यावी, नाहीतर कोणालाच देऊ नये.

याचे सर्वांत आवडते उदाहरण पूर्वायुष्याचे आहे. प्रत्येक पात्राला पूर्वायुष्य असते: कोणी सैनिक, कोणी पुजारी, कोणी भुरटा चोर. पुस्तकातले नमुने युरोपी मध्ययुगाच्या धाटणीचे असतात, पण २०१४ च्या नियमांतच असे म्हटले आहे की खेळाडूने कोणतीही दोन कौशल्ये आणि अवजारे वा भाषा यांपैकी एकूण कोणत्याही दोन गोष्टी निवडून, गेम मास्टरच्या संमतीने स्वतःचे पूर्वायुष्य रचावे. आमच्या एका मित्राचे आजोळ हरिपूरचे आहे. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळचे हे गाव हळदीच्या पेवांसाठी ओळखले जाते. जमिनीत खोल खोदलेल्या या कोठारांत हळद साठवून ठेवत. पेव उघडले की कोणी लगेच आत उतरत नाही, कारण आत कोंडलेली हवा जीव घेऊ शकते. त्याने आपले पात्र 'पेवात उतरणारा' केले. त्याला आधी विषाविरुद्ध कायमचे अधिक २ हवे होते. त्याऐवजी आम्ही असे ठरवले की कोणत्याही बंद भुयाराच्या तोंडाशी थांबून त्याने वास घेतला, तर आतली हवा श्वास घेण्याजोगी आहे की नाही हे त्याला फासा न टाकता कळेल. या नियमाने त्याचा एकही आकडा वाढला नाही. पण तेव्हापासून गुहेचे तोंड दिसले की बाकीचे पाचही जण पाऊल मागे घेऊन त्याच्याकडे पाहतात, आणि तो खुर्चीत पुढे सरकून, डोळे मिटून, खरोखरच एक दीर्घ श्वास घेतो.

शस्त्रांच्या बाबतीत सोपा मार्ग असा, की आकडे पुस्तकातले ठेवावेत आणि रूप आपले द्यावे. गोफण हवी असणाऱ्याची पुस्तकातल्या गोफणीने निराशा होते, कारण तिचा घाव चार बाजूंच्या फाशाचा आहे. आम्ही तिला आखूड धनुष्याचे आकडे दिले आणि धनुष्याप्रमाणेच दोन्ही हात लागतील अशी अट ठेवली; विषय तिथेच मिटला. दांडपट्ट्याला मात्र दोन बैठका लागल्या. पुस्तकातल्या रेपियर या सडपातळ तलवारीचे आकडे त्याला चपखल बसतात: आठ बाजूंचा फासा, आणि बळाऐवजी चपळाई वापरण्याची मुभा, भोसकण्याऐवजी कापण्याचा घाव एवढाच बदल. पण ज्या मैत्रिणीला तो हवा होता तिचे म्हणणे असे, की पट्ट्याची मूठ मनगट आणि कोपरापर्यंतचा हात पोलादी आवरणात घेते, म्हणून तो कोणी हातातून उडवू शकणार नाही, आणि हे नियमात दिसलेच पाहिजे. तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. मग आम्ही त्याच आवरणाकडे दुसऱ्या बाजूने पाहिले. जो हात असा बंद आहे त्या हाताने कडी काढता येत नाही, औषधाची कुपी धरता येत नाही, दोरही पकडता येत नाही, आणि पट्टा उतरवायला लढाईतली एक पूर्ण पाळी जाते. दोन्ही गोष्टी एकाच ओळीत लिहिल्या. मागणीची किंमत त्या वस्तूच्याच स्वभावातून काढली तर ती दंडासारखी वाटत नाही, उलट त्या पात्राचा भाग होऊन जाते. पुढे दरीवरचा दोर निसटत असताना ती डाव्या हाताने लोंबकळत राहिली, हा प्रसंग केवळ त्या अर्ध्या ओळीमुळे घडला.

रुंदी देतानाही शेजाऱ्याचा बांध कोरला जात नाही ना, हे पाहावे लागते. आमच्या जादूगाराला कुलपे उघडण्याची एक छोटी, हवी तितक्यांदा वापरता येणारी जादू हवी होती. आकडे कुठेच वाढत नव्हते, त्यामुळे माझ्या सूत्रात ती बसत होती. पण आमच्यात एक चोरही आहे आणि कुलपे हेच त्याचे शेत आहे. पुस्तकात कुलूप उघडणारा मंत्र आहे, तो दुसऱ्या पातळीचा आहे आणि तो टाकला की ३०० फुटांपर्यंत ऐकू जाईल असा ठोका घुमतो. मूळ रचनाकारांनी हा आवाज उगीच घातलेला नाही. जादूगाराकडून कुलूप उघडते, पण सगळा वाडा जागा होतो. चोराने कुलूप उघडले तर कोणाला पत्ता लागत नाही. दोघांचे बांध शाबूत राहतात. मी ती मागणी नाकारली आणि नाकारण्याचे कारण सगळ्यांसमोर सांगितले.

नवा नियम करण्याआधी तो आधीच कोठे केलेला आहे का, हे शोधण्याची शिस्त आम्हाला उशिरा लागली. सांगलीच्या टेबलावर कोणीतरी पैलवान मागणारच. आम्ही दोन रविवार खर्चून कुस्तीचा नियम रचला आणि नंतर कळले की २०२० च्या अधिकृत पुरवणीत शस्त्राविना लढण्याची शैली आहेच: रिकाम्या हाताचा घाव सहा बाजूंच्या फाशाचा, हातात शस्त्र किंवा ढाल नसेल तर आठ बाजूंचा, आणि पकडीत धरलेल्या शत्रूला दर पाळीला चार बाजूंच्या फाशाची इजा. आमच्या नियमापेक्षा हा नेटका होता, म्हणून आमचा खोडला.

उलट दिशेनेही हीच वाट चालते, घरचे नियम पुढे पुस्तकात येतात. २०१४ च्या नियमांत पात्राच्या काल्पनिक वंशाबरोबर गुणवाढ ठरलेली असे: बुटक्यांच्या वंशाला काटकपणा, एल्फ या परीकथेतल्या वंशाला चपळाई. ती हवी तिथे हलवण्याची मुभा अनेकांनी आपापल्या टेबलावर दिली. २०२० च्या त्याच पुरवणीत ती पर्याय म्हणून छापली गेली आणि २०२४ च्या सुधारित नियमांत गुणवाढ वंशाकडून काढून पूर्वायुष्याला जोडली गेली. फीट, म्हणजे विशेष हातोटी, साधारणपणे चौथ्या लेव्हलला मिळे. फक्त एका प्रकारच्या मानवाला ती पहिल्या लेव्हलला मिळत असल्यामुळे टेबलेच्या टेबले मानवांनी भरत. म्हणून पुष्कळ गेम मास्टर सगळ्यांनाच सुरुवातीला एक हातोटी देऊ लागले. २०२४ पासून तीही पूर्वायुष्याबरोबर सगळ्यांना मिळते. हे दोन्ही बदल सगळ्यांना सारखे लागू होणारे आहेत, आणि ते टिकण्याचे कारण मला यातच दिसते.

प्राणबिंदूंविषयी, म्हणजे पात्र किती इजा सोसू शकते त्या आकड्याविषयी, थोडक्यात. दर लेव्हलला योद्ध्याने दहा बाजूंचा फासा टाकावा किंवा ठरलेले ६ घ्यावेत, असा पर्याय असतो. फाशाची सरासरी ५.५ असल्यामुळे ठरलेला आकडाच किंचित फायद्याचा पडतो. ज्याला फासा टाकायचाच आहे त्याने टाकावा, आणि १ पडला तर एकदा पुन्हा टाकावा, एवढीच सवलत आम्ही ठेवली आहे.

नियम कसा केला जातो, याला नियमाइतकेच महत्त्व आहे. कॅम्पेन सुरू होण्याआधीच्या बैठकीला सेशन झीरो म्हणतात; तीत प्रत्येकाने आपली मागणी सगळ्यांसमोर मांडायची असते. गेम मास्टरला बाजूला गाठून, फोनवर किंवा चहाच्या गाड्यावर मिळवलेली सवलत आम्ही धरत नाही, कारण तिचा भार बाकीच्यांवर पडतो आणि त्यांना तो का पडला हेही कळत नाही. मान्य झालेला नियम शंभर पानी वहीत आधी पेन्सिलीने लिहिला जातो. तीन बैठका तो चालवून पाहायचा. त्या काळात मी तोच नियम शत्रूच्या हातीही देते. दांडपट्टा जर तुमच्या हातातून निसटत नसेल, तर समोरच्या सरदाराच्याही हातातून निसटणार नाही. चौथ्या बैठकीच्या आरंभी सगळ्यांना विचारून तो पेनाने गिरवायचा किंवा खोडरबराने पुसायचा. पुसला गेला, तर त्या खेळाडूला त्याच्या पात्रातली त्या नियमाशी जोडलेली कोणतीही निवड विनाशुल्क बदलता येते. मन लावून घडवलेल्या पात्रातून काही काढून घेणे हे दुखावणारे असते, आणि ती दुखापत एकट्याने सोसावी असे कोणावर येऊ नये यासाठी ही तरतूद आहे.

सध्या वहीत एकच ओळ पेन्सिलीत आहे. आमच्यातली एक जण मिरजेची आहे, जिथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिचे पात्र बार्ड आहे, म्हणजे वाद्याच्या जोरावर सोबत्यांना हुरूप देणारे. ती एखाद्याला सहा बाजूंचा फासा देते आणि त्याने तो दहा मिनिटांच्या आत वापरायचा असतो. तिला आठ बाजूंचा फासा हवा होता. सरासरी ३.५ वरून ४.५ वर जाते, ही सरळ उंची आहे, म्हणून मी नाही म्हटले. मग तिने जवारीची गोष्ट सांगितली: तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कारागीर किती जपून घासतो, आणि तो जमला की छेडलेला सूर किती वेळ खोलीत रेंगाळतो. फासा तेवढाच ठेवून तो दहा मिनिटांऐवजी तासभर टिकावा, असे ठरले. किंमत अशी, की वाद्य भिजले तर जवारी बिघडेल आणि अर्धा दिवस बसून ती पुन्हा लावेपर्यंत तिला कोणालाच फासा देता येणार नाही. दोन बैठका झाल्या आहेत. दुसऱ्या बैठकीत सगळ्यांना नदी ओलांडायची होती, तेव्हा पैलवानाने तिला काही न विचारता सतार डोक्यावर घेतली आणि त्यामुळे त्याला आपली ढाल काठावर सोडावी लागली. तिसरी बैठक येत्या रविवारी आहे, आणि ती ढाल परत आणायला कोण जाणार हे अजून ठरलेले नाही.